पिवळी रेघ

पंच्याण्णवच्या जूनमध्ये
रबाळ्याला आमच्या कँटीनमध्ये रंगारी आला
आणि टेबलांच्या मधोमध, फरशीवर,
एक पिवळी रेघ मारून गेला.
मी तेव्हा वाटाण्याला फोडणी देत होतो.

बोधनकर साहेब म्हणाले, हरेश्वर,
आजपासून कंपन्या दोन.
पंप इकडे, स्विचगिअर तिकडे.
मी म्हटलं, साहेब, उसळ एकच आहे.
ते हसले नाहीत.
गुलाबी आणि आकाशी कुपनांचे गठ्ठे ठेवून गेले.
पातेलं एक, डाव दोन.
डाव कुणाचे, ते मागाहून कळलं.

पेडणेकर लेथवरचा, तो पंपात राहिला.
सोलकर वाइंडिंगचा, तो तिकडे गेला.
अठरा वर्षं एका बाकावर खांद्याला खांदा लावून जेवलेले,
रेघ आल्यावर समोरासमोर बसू लागले.
सोलकरच्या घरची सुक्या जवळ्याची चटणी
डब्याच्या झाकणातून रेघ ओलांडायची
तेव्हा पेडणेकर ओरडायचा,
आंतरकंपनी व्यवहार! ऑडिटरला कळवा रे!
आणि दोन्ही कंपन्या हसायच्या.

नोटीस बोर्डावरचं मराठी हळूहळू आटत गेलं.
रीस्ट्रक्चरिंग म्हणजे काय, मी युनियनच्या वाघचौऱ्यांना विचारलं.
म्हणाले, घर तेच, नुसत्या भिंती हलवायच्या.
आणि माणसं?
माणसं भिंतींत धरतात.

मग एकदा कळलं
की जेवण हा कंपनीचा मूळ धंदा नाही.
झाडू नाही, बाग नाही, गेटवरचा सलामही नाही.
माझी भट्टी जिथं होती
तिथं माझ्या बापाचं भाताचं खाचर होतं,
एमआयडीसीनं घेतलं, बदल्यात मला ही नोकरी.
मूळ काय नि धंदा काय,
विचारणार कुणाला?
सोमवारी त्याच भट्टीपुढे
कंत्राटदाराची टोपी घालून उभा राहिलो.
पगार निम्मा.
मीठ तेवढंच.

मला पेपर लागत नसे. तांदूळ मोजला की बातमी कळायची.
बाराशे चाळीस ताटांची नऊशे झाली, तेव्हा वाटलं, लग्नसराई असेल.
गणपतीनंतर सहाशे दहा.
भाताचं मोठं पातेलं खाली उतरवायला चार जण लागायचे,
एका सकाळी लक्षात आलं,
ते मी कित्येक दिवसांत चढवलेलंच नाही.

स्वेच्छानिवृत्तीचं पत्र पेडणेकरनं
जेवताना वाचून दाखवलं.
'स्वेच्छा' हा शब्द तीनदा वाचला,
लाडू आहे का, असं विचारावं तसा.
दोन लाख ऐंशी हजार.
त्यातले दोन लाख सागाच्या झाडांच्या स्कीममध्ये घातले.
झाडं कुठं होती, त्यानं कधी पाहिली नाहीत.
स्कीमचं ऑफिस होतं म्हणे, वाशीला. तेही त्यानं
कुलूप लागल्यावरच पाहिलं.

रेघेच्या पलीकडे परदेशी मालक आले,
काटे-चमचे आले, काकडी गोल कापायची पद्धत आली.
सोलकर म्हणाला, आम्ही वाचलो.
तीन वर्षांनी ती बाजूही
करसवलत शोधत सिल्वासाला उठून गेली.
सोलकर गेला नाही. आई अंथरुणावर होती.

शेवटच्या दिवशी एकोणीस ताटं.
अठरा जेवले. एकाला भूक नव्हती.

आता तिथं डेटा सेंटर आहे.
खिडकी नाही, घंटा नाही.
आत यंत्रं नुसती गार हवा खातात, चोवीस तास,
आणि कुणी म्हणत नाही, हरेश्वर, आज मीठ जास्त झालं.

पाडकाम चाललं होतं तेव्हा मी ढिगाऱ्यातून
फरशीचा एक तुकडा उचलून आणला,
कडेला पिवळं असलेला.
गोठिवलीच्या घरात तो गॅस सिलिंडरखाली घातलाय.
सिलिंडर डुगडुगायचा, आता नाही.

सोलकर ईदची शेवई घेऊन आला होता.
वाकून बघितलं, बोटानं धूळ पुसली.
म्हणाला, हा तुमच्या बाजूचा की आमच्या?
मी बराच वेळ बघत राहिलो.
मग म्हटलं, बस, चहा ठेवतो.